आधी दुसरीकडे पाहून या

माझ्या सासऱ्यांचं तळेगावात कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाईक एकदा उंबरठ्याच्या आत आलं की त्याला पुन्हा रस्ता दिसू द्यायचा नाही, हे त्या दुकानाचं तीन पिढ्यांचं शहाणपण. पाणी घ्या, चहा घ्या, गादीवर बसा, घेऊ नका पण पाहून तर घ्या. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला हे जरा अतीच वाटायचं. मग दुकानाच्या वरच्या खोलीत मी कॉम्प्युटर क्लास काढला, नागपूरला जाऊन वेबसाइट बनवायचा तीन महिन्यांचा कोर्स करून आले, आणि तिथल्या सरांनीही नेमकं तेच शिकवलं. धंद्याच्या वेबसाइटवर बाहेरची लिंक देणं म्हणजे दुकानाच्या मागच्या भिंतीला आपल्याच हातानं दार पाडणं. माणूस त्यातून गेला की गेला. सासरे आणि सर एकच सांगतात म्हटल्यावर माझी खात्रीच पटली. आणि नेमके अण्णाजी निंभोरकर माझं पहिलं गिऱ्हाईक निघाले, याला काय म्हणावं!

अण्णाजींची संत्र्याच्या कलमांची नर्सरी गावाबाहेर, आष्टीच्या रस्त्याला. साठी ओलांडलेला उंच, किडकिडीत माणूस. अंगात बंडी आणि बंडीच्या खिशात कायम एक छोटा चाकू. संत्र्याचं कलम ज्यांनी बांधताना पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. जंबेरी नावाचं एक रानटी लिंबू असतं. त्याचं रोप वाढवायचं, खोडाची साल चाकूनं चिरायची आणि त्या चिरेत चांगल्या संत्र्याच्या झाडाचा एक डोळा बसवून वर पट्टी बांधायची. डोळा फुटला की वरचं जंबेरी छाटून टाकायचं. खाली मूळ रानटी, वर फळ गोड. हे काम अण्णाजी पस्तीस वर्षं करत होते. त्यांनी बांधलेला डोळा वाया गेला असं ऐकू यायचं नाही.

पण पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं ते विकण्याच्या पद्धतीमुळे. न विकण्याच्या म्हटलं तरी चालेल. नव्या माणसाला ते पहिल्या दिवशी कलम देतच नसत. एका चिठ्ठीवर दोन-तीन शेतकऱ्यांची नावं आणि गावं लिहून देत आणि म्हणत, "हे बगिचे पाहून ये. माह्या कलमाचे हायेत. मालकाले इचार. मंग येजो." नव्वदच्या दशकात लोक कारंज्याहून, वरुडहून, पार मध्यप्रदेशातून एसटी बदलत बदलत येत, आणि हा गृहस्थ त्यांना चहा पाजून पुन्हा रस्त्याला लावत असे. कोणी मोसंबी नाहीतर लिंबू मागितलं तर सरळ हरिदासकडे पाठवायचे. हरिदासची नर्सरी त्याच रस्त्यावर, दोन किलोमीटर पुढे. माझे सासरे म्हणायचे, "हा माणूस धंदा करते का एसटी स्टँडवरची चौकशीची खिडकी चालवते?"

दोन हजार पाचच्या हिवाळ्यात अण्णाजींचा मुलगा कैलास माझ्याकडे आला. तिशीतला, हुशार, जरा तापट. राजस्थानात संत्र्याची लागवड वाढते आहे, तिकडचे लोक इंटरनेटवर शोधतात, आपली वेबसाइट पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं. मी खूश झाले. फोटो काढले, फोन नंबर टाकला, हिंदी आणि मराठी मजकूर लिहिला. दाखवायला अण्णाजींना बोलावलं. ते गुडघ्यांवर हात ठेवून स्क्रीनसमोर बसले, सगळं पाहिलं आणि विचारलं, "चांगलं हाय पोरी. पण यातून बाहेर कुठून जाता येते?"

"बाहेर कशाला जायचं? माणूस आत यावा म्हणून तर हे सगळं."

"आत येऊन काय पाहीन तो? माह्यंच कौतुक?"

मी त्यांना सरांचं मागच्या दाराचं उदाहरण दिलं. शिवाय म्हटलं, दुसऱ्याचं पान आपल्या हातात नसतं. आज एक असेल, उद्या तिथं कोणी काय लिहील आपल्याला कळणारही नाही. आणि लिंक दिली म्हणजे आपण त्यांच्यासाठी जामीन राहिलो.

"माह्या हातातलं पान तं माह्यंच गुण गाईन," अण्णाजी म्हणाले. "जे हातात नाई तेच दाखव. कलम घेणारा माणूस फळासाठी पाच वर्सं थांबते. त्याले एक दिवस दारातून बाहेर जाऊ द्याले मी काऊन भ्यावं?"

"आणि तो परत आलाच नाही तर?"

"मंग तो आपला नोयता."

कैलास माझ्याकडे आशेनं पाहत होता. "ताई, तुम्ही सांगा न बाबाले. तुम्ही शिकून आल्या." मी अर्धा तास सांगितलं. अण्णाजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी तीन लिंका टाकायला लावल्या. एक बाजारभावाची. दुसरी हरिदासची, मोसंबी-लिंबासाठी, कारण हरिदासच्या पुतण्यानं एका फुकटच्या जागेवर दोन फोटोंचं पान उघडलं होतं. तिसरी त्यांना अशी हवी होती की ज्यात सरकारी जाणकारांनी चांगलं कलम कसं ओळखायचं ते सांगितलं असेल. मी शोधून इंग्रजीतलं एक पान काढलं. मथळा वाचला, पहिल्या दोन ओळी वाचल्या, एका तरतरीत कलमाचा फोटो पाहिला आणि जोडून टाकलं. वर मराठीत आणि हिंदीत लिहिलं, "कलम घेण्याआधी हे वाचा." मी स्वतः ते वाचलं नाही. वाद हरल्यामुळे मी चिडले होते. हे काही कारण म्हणून सांगत नाही, पण झालं ते असं झालं.

मे महिन्यात राजस्थानातल्या झालावाडकडून एका पाटीदाराचा फोन आला. त्याला सहा हजार कलमं हवी होती. त्या वर्षी नर्सरीत तयार मालच जेमतेम तेवढा होता. कैलास पेढे घेऊन माझ्या क्लासात आला आणि पोरांनाही वाटून गेला. जुलैत पाटीदार स्वतः जीपनं आला तेव्हा कैलासनं मला मुद्दाम बोलावलं, ट्रक भरतानाचे फोटो वेबसाइटवर टाकायचे म्हणून.

पाटीदार शांत, नीटनेटका माणूस. खिशात घडी घातलेले कागद. चहा नंतर घेतो म्हणाला आणि थेट वाफ्यात शिरला. एका कलमाशी उकिडवा बसला, अंगठा मातीला टेकवला आणि करंगळी वर ताणली. वीत लावली त्यानं. डोळ्याचा सांधा त्याच्या वितेच्या अर्ध्यालासुद्धा पोचत नव्हता. मग दुसरं कलम, दहावं, तिसाव्या ओळीतलं. सगळीकडे तेच.

"अण्णाजी, बुरा मत मानना," तो उठून म्हणाला. "आपही की साइट से पढ़ा है. जोड़ ज़मीन से नौ इंच ऊपर चाहिए. ये तो सब चार उंगल पर है."

अण्णाजींनी वाकून सांध्याखाली आपली चार बोटं लावून पाहिली.

"वो मोसंबीवालों का पन्ना भी आपही के यहाँ मिला," पाटीदार जरा संकोचून म्हणाला. "मैंने फ़ोन पर पूछ लिया था. उनके पास संतरे में भी नौ इंच का माल है." त्यानं चहा घेतला, कपभर पूर्ण घेतला, हात जोडले, त्या इंग्रजी पानाचे छापून आणलेले कागद तिथंच बाजेवर ठेवले आणि जीप हरिदासच्या नर्सरीकडे वळवली.

जीप दिसेनाशी झाल्यावर कैलास माझ्यावरच घसरला. "पाह्यलं न ताई? तुम्हीच म्हणत होत्या, माणूस जाते मून. ते काढा पहिले. आजच्या आज काढा!"

मी एका पायावर तयार होते. माझं म्हणणं खरं ठरल्याचं समाधानही मला होतं, लाज वाटते सांगायला. पण अण्णाजींनी बाजेवरचे कागद उचलून माझ्या हातात दिले. "काढू नोको. पहिले वाच. मराठीत वाच."

मग मी वाचलं. जे सहा महिन्यांपूर्वी वाचायला हवं होतं ते आत्ता, दोन माणसांच्या समोर, अडखळत अडखळत. सांधा खाली असला तर ओलिताचं पाणी आणि माती त्याला लागते. संत्र्याची साल नाजूक, तिला बुरशी धरते. साल कुजते, खोडातून डिंक गळू लागतो. झाड चार-पाच वर्षं चांगलं दिसतं, फळावर येतं आणि ऐन भरात असताना वाळत जातं.

"डिंक्या," अण्णाजी म्हणाले. मला तो शब्द आठवत नव्हता. मग त्यांनी विचारलं, "हे कधी लिवलं हाय?"

खाली साल होतं. अठ्ठ्याण्णव.

"मले तं सत्त्याण्णवमधीच सांगतलं होतं," ते म्हणाले. "आर्वीच्या मेळाव्यात. एक नवा सायेब होता, पोरगेलाच. म्हणे, डोळा वीतभर वर बांधा. मी उभा राह्यलो अन म्हटलं, सायेब, चार बोटांवर साल मऊ असते, डोळा लवकर धरते. तुमच्या वयाइतके वर्सं मी डोळे बांधून राह्यलो. सारे लोक हासले. तो खाली पाहून बसला." ते हाताच्या बोटांकडे बघत होते. "लोकाइले मी बाहेर पाठवत होतो. मी सोता काई गेलो नाई."

कैलासला या कशात रस नव्हता, आणि त्याचा राग मला कळत होता. वर्षभराची मेहनत समोर वाफ्यात उभी होती. तो म्हणाला, "बाबा, राजस्थान गेलं तं जाऊ द्या. इथल्या लोकाइकडे कुठं इंटरनेट हाय? ते पान काढून टाकू अन माल दरसालसारखा इथंच खपवू. तुमच्या नावावर लोक डोळे मिटून घेतात."

आणि ते खरंच होतं. त्या वेळी आमच्या भागात इंटरनेट म्हणजे माझ्या क्लासातली आठ मशिनं आणि तीही लाइन असली तर. लिंक असली काय किंवा नसली काय, गावच्या शेतकऱ्याला त्याचा पत्ताही लागला नसता. मला कैलासचं पटलं होतं, हेही सांगून टाकते. अण्णाजींनी वाफ्याकडे पाठ केली. मला विचारलं, "तू उद्या वर्धेले जाऊन राह्यली न? मी आंजीले उतरतो. तूही उतर घडीभर. ते कागद घे."

आर्वीला गाडी बदलून आम्ही वर्धेच्या एसटीत बसलो. वाटेत अण्णाजींनी तानबाची गोष्ट सांगितली. मोठ्या आंजीच्या या शेतकऱ्यानं त्र्याण्णवमध्ये त्यांच्याकडून चारशे कलमं नेली होती. बाग अशी उभी राहिली की नव्याण्णवपासून पुढे चार-पाच वर्षं अण्णाजींच्या प्रत्येक चिठ्ठीवर पहिलं नाव तानबाचं. मधेच त्याच्या दोन ओळी वाळल्या. त्यानं निरोप पाठवला, अण्णाजी जाऊन आले. धुऱ्यावरूनच, शेताच्या बांधावरूनच पाहिलं आणि निदान केलं, पाणी बुडाशी तुंबलं, तुझी पाळी चुकली तानबा. तिथून पुढे आणखी झाडं गेली तेव्हा तानबानं बोलावलं नाही, आणि अण्णाजींनीही चिठ्ठीवर दुसरी नावं घातली.

तानबाच्या शेतात आता सोयाबीन होतं. विहिरीजवळ संत्र्याची दहा-बारा झाडं उरलेली. पन्नाशीचा तानबा अण्णाजींना पाहून इतका हरखला की मला कसंतरी झालं. बायकोला हाक मारून त्यानं चहा ठेवायला सांगितला. अण्णाजी बसलेच नाहीत. एका झाडाच्या बुडाशी गेले, खाली बसले आणि नुसत्या बोटांनी माती उकरू लागले. दोन-तीन बोटं खाली सांधा सापडला. काळा पडलेला, डिंकाचे वाळलेले ओघळ.

"पाणी नाई चुकलं गा तुह्यं," ते बसल्या जागेवरून म्हणाले. "डोळा मी खाली बांधला. माती चढत गेली अन डोळा दबला. चूक माही हाय."

तानबा हसला. "काय बोलता अण्णाजी! पाणी माह्यंच चुकलं. मी तं साऱ्याइले तेच सांगत आलो. तुमची चिठ्ठी घेऊन मानसं येत, साठ-सत्तर तरी आले असन. मी एकेकाले सांगे, कलम सोन्यासारखं हाय, डोळे मिटून घ्या. ह्या ओळी गेल्या त्या माह्या पाण्यानं गेल्या."

अण्णाजी उठताना माझा हात धरून उठले. आपला माल लोकांनी बाहेर जाऊन पारखावा, याचा त्यांना केवढा अभिमान होता. आणि बाहेर त्यांचंच म्हणणं तानबाच्या तोंडून लोक ऐकून येत होते. तानबा खोटं बोलला नव्हता. अण्णाजींनी जे सांगितलं ते त्यानं खरं मानलं, इतकंच. मला त्या क्षणी माझी सगळी हुज्जत पोरकट वाटली. बाहेरचा रस्ता दाखवायचा की नाही यावर मी भांडत होते. त्या रस्त्याच्या टोकाला बसलेल्या माणसाला आपल्याविरुद्ध बोलायची मुभा आहे का, हे मी विचारलंच नव्हतं.

चहा घेऊन आलेल्या अनुसयाबाई, तानबाची बायको, कपबशा हातात तशाच धरून उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहून हळूच विचारलं, "मंग निकेशले काऊन मारलं?"

 मग त्यांनीच आम्हाला सांगितलं. निकेश त्यांचा एकुलता एक. पाण्याची पाळी त्याच्याकडे असायची. एके दिवशी गावात कबड्डीचे सामने होते, तो मोटर चालू ठेवून पाहायला गेला आणि बागेत पाणी साचलं. झाडं वाळू लागल्यावर अण्णाजी पाणी म्हणाले, आणि बापाला ती कबड्डी आठवली. एकोणीस वर्षांच्या पोराला त्यानं चारचौघांत मारलं. पोरगा बुटीबोरीला कंपनीत लागला तो लागलाच. दिवाळीला येतो, आईशी बोलतो, जातो. "सहा वर्सं झाले," अनुसयाबाई म्हणाल्या. "बाप इकडून दिसला का तो तिकडून जाते."

अण्णाजींनी चहाला हात लावला नाही. म्हणाले, "त्याचा नंबर हाय?"

नंबर घरात भिंतीवर पेन्सिलनं लिहिलेला होता. माझ्या मोबाइलवरून मी तो लावून दिला. अण्णाजींना मोबाइलवर बोलायची सवय नव्हती, ते लांबच्या माणसाला हाक मारावी तसे मोठ्यानं बोलले. "निकेश, मी तळेगावचा अण्णाजी बोलून राह्यलो. कलमवाला. आइक बापू. तुह्या पाण्यानं झाडं नाई मेली. मोटर चालू राह्यली मून नाई मेली. कलमच मी चुकीचं बांधलं होतं. तुह्या बापाले मीच खोटं सांगतलं, मले ठाऊक नोयतं मून."

पलीकडून मशीनचा आवाज येत होता. मग निकेशनं काहीतरी विचारलं. अण्णाजी म्हणाले, "हो. समोरच हाय." आणि फोन तानबाच्या हातात दिला.

तानबानं तो दोन्ही हातांनी कानाला धरला.  शेवटी तो एवढंच म्हणाला, "जेवला का?" आणि फोन घेऊन विहिरीकडे चालत गेला. तो परत यायला इतका वेळ लागला की माझी पुढची एसटी निघून गेली. अनुसयाबाई पदर तोंडाला लावून दारात बसल्या होत्या. मीही रडले, उगीच कशाला लपवू?

वर्धेचं काम राहिलं ते राहिलं. परतीच्या गाडीत अण्णाजींनी मला काय काय लिहायचं ते सांगितलं. ती लिंक तशीच राहील. पण तिच्याही वर, पहिल्याच पानावर, मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत लिही, की निंभोरकरांची या वर्षीची कलमं चार बोटांवर बांधलेली आहेत. वीतभर उंचीची हवी असतील तर हरिदासकडे मिळतील. आमच्याकडे पुढच्या वर्षी. आणि त्या सरकारी पानाचं मराठी करून कागदावर छाप, नर्सरीच्या फाटकावर लावू. "ज्याच्यापाशी तुह्यं इंटरनेट नाई त्यानं काय पाप केलं?"

मी सगळं केलं. या वेळी प्रत्येक वाक्य दोनदा वाचून, अडलं तिथं वर्धेच्या कृषी कार्यालयात फोन करून. कैलासनं बापाशी बोलणं टाकलं. फाटकावरचा कागद लागला त्या दिवशी तो दिवसभर घरीच आला नाही. त्याला मी दोष देणार नाही. वाफ्यात सहा हजार कलमं उभी, आणि त्यांच्याविरुद्धचा दाखला आपल्याच फाटकावर.

लोक मला विचारतात, विशेषतः क्लासातली पोरं, की मॅडम, मग वेबसाइटवर बाहेरची लिंक द्यावी की देऊ नये? त्यांना दोन ओळींत उत्तर हवं असतं, परीक्षेत लिहायला. सर चुकीचे नव्हते. त्या पानावरून जे गेले त्यातले फार थोडे परत आले, पाटीदार तर नाहीच. त्या हंगामात हरिदासचा माल संपला आणि अण्णाजींचा उभा राहिला. माझ्या सासऱ्यांचं दुकान अजूनही गिऱ्हाइकाला रस्ता दिसू न देता उत्तम चाललं आहे, आणि साडी काही सहा वर्षांनी डिंक गाळत वाळत नाही. मी पोरांना एवढंच सांगते, जिथं माणसाला पाठवता ते पान आधी स्वतः पूर्ण वाचा. त्यात तुमच्याविरुद्ध काही निघालं तर काय करायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा.

अण्णाजींनी ठरवलं होतं. त्याच आठवड्यापासून ते खुरपं पिशवीत टाकून एसटीनं फिरू लागले. तानबाला आठवली ती नावं, स्वतःला आठवली ती नावं. बागेत जायचं, मालकाला सांगायचं की कलम मी चुकीचं बांधलं, आणि मग बसून झाडाच्या बुडाची माती काढायची, सांधा मोकळा करायचा, चुना-मोरचुदाचा लेप लावायचा. काही लोकांनी जेवायला घातलं. काहींनी शिव्या घातल्या. एकानं म्हणे नुसतं पाहिलं आणि फाटक लावून घेतलं. ते परत आले की मला विचारायचे, कोणाचा फोन आला होता का. बहुतेक वेळा आलेला नसायचा.

ऑगस्टमधल्या एका दुपारी मी फाटकावरचा कागद बदलायला गेले होते. पावसानं शाई उतरली होती. अण्णाजी कुठल्याशा गावी गेलेले, नर्सरीत एकटा कैलास. मी फाटकाशी असतानाच भारसवाड्याकडचा एक शेतकरी बैलगाडी घेऊन आला. कागदाकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. त्याला दोनशे कलमं हवी होती. त्याच्या बापानंही इथूनच नेली होती, दुसरीकडे जायचा प्रश्नच नव्हता.

कैलास वाफ्यात उतरला. एकेक कलम मातीच्या गोळ्यासकट काढून गाडीशी आणून ठेवू लागला. पंधरा-वीस झाली असतील. मी फाटकामागे उभी राहून बघत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, वीक बाबा, वीक, कोण काय म्हणणार आहे तुला.

तो थांबला. हातातल्या कलमाकडे पाहत उभा राहिला आणि एकदम रागानंच म्हणाला, "काका, हे नोका नेऊ. डोळा खाली हाय. मातीत दबला तं सात-आठ वर्सांनी झाड जाते."

"मंग एवढे कलमं काय पूजाले ठेवले का गा?" तो शेतकरी म्हणाला.

कैलासनं हातातलं कलम खाली ठेवलं. "पुढं हरिदासची नर्सरी हाय," तो म्हणाला. "पहिले तिथं पाहून या."

बैलगाडी वळली आणि रस्त्याला लागली. कैलासनं काढलेली कलमं एकेक करून पुन्हा वाफ्यात नेऊन लावली, माती दाबली. मग उठताना त्याला मी दिसले. त्याचा चेहरा लालबुंद झाला.

"काय पाहून राह्यल्या, ताई?" तो माझ्यावर खेकसला. मग हात धोतराला पुसावेत तसे पँटला पुसत जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "बाबाले सांगू नोका."